टर्बो बदलायला निघालो होतो, हातपंपाने वाचवलं: व्हॅक्यूम टेस्टर किटचा रिव्ह्यू

किट घेऊन सहा महिने झाले म्हणून आता लिहितोय. डबा उघडला, फोटो काढला, पाच स्टार दिले असले रिव्ह्यू वाचून एका टॉर्क रेंचच्या बाबतीत मी सपशेल फसलोय, त्यामुळे हात काळे होईपर्यंत वापरल्याशिवाय काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

वस्तू तशी साधी आहे. पिस्तुलासारखा धरायचा हातपंप, बॉडी धातूची, वर गोल गेज, दोन पारदर्शक नळ्या, मूठभर प्लास्टिकचे जोड आणि ब्रेकमधली हवा काढायची एक छोटी बरणी. बाजूला एक नॉब आहे, तो एकीकडे फिरवला की पंप हवा ओढतो, दुसरीकडे फिरवला की हवा भरतो. घेताना हा नॉब आहे का ते नक्की बघा, नुसत्या व्हॅक्यूमवाल्या पंपाने निम्मीच कामं होतात, का ते पुढे येईलच.

आता मुळात हे घ्यायची वेळ का आली. गाडी जुनी डिझेल फोर बाय फोर, व्हीजीटी टर्बो (एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या, जोरावर पंखा फिरवून इंजिनात हवा दाबून भरणारा, आणि तो झोत आवळायला आत हलती पाती असलेला), दोन लाख किलोमीटर कधीच पार. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण झालं ते कंपनीमुळे नाही, वयामुळे झालं. लक्षण असं की १५०० ते २३०० आरपीएमच्या मध्ये गाडीत जीवच नाही, चढाला तिसऱ्यात पाय दाबला की नुसती घरघर, मागचा ट्रक हॉर्न मारतोय आणि आपण घाम पुसतोय, मग काटा २५०० च्या वर गेला की एकदम कोणीतरी ढकलल्यासारखी पळायला लागते. धूर फारसा नाही. मधूनच इंजिनचा दिवा लागायचा आणि गाडी लिंप मोडमध्ये (इंजिन जपायला ताकद कमी करून चालणं) जायची, किल्ली बंद करून परत चालू केली की पुन्हा शहाण्यासारखी.

ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर आधीच होता, त्यावर कोड यायचा पी ०२९९, म्हणजे अंडरबूस्ट. बूस्ट म्हणजे टर्बोने हवा दाबून दिलेलं प्रेशर. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, एवढंच म्हणतोय की मी जितका बूस्ट मागितला तितका मिळाला नाही. का मिळाला नाही हे त्यालाही माहीत नाही. पण आपण काय करतो, कोडच्या नावात बूस्ट दिसला की टर्बोकडे बोट. मेकॅनिकनेही तेच केलं, पाइप काढून टर्बोचा पंखा बोटाने हलवून दाखवला आणि म्हणाला बघा दादा, शाफ्टला प्ले आहे, म्हणजे दांडा सैल हलतोय, टर्बो गेला.

इथे जरा थांबतो कारण या एका वाक्यावर किती चांगले टर्बो भंगारात गेले असतील देव जाणे. टर्बोचा शाफ्ट लाखाच्या वर आरपीएमने फिरतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. इंजिन बंद असताना तो थर नसतो, त्यामुळे आडवा थोडासा प्ले लागणारच, तो नॉर्मल आहे. बघायचं ते हे की पंख्याची पाती बाहेरच्या हाउसिंगला घासल्याच्या खुणा आहेत का, आणि शाफ्ट आत-बाहेर असा हलतो का. आत-बाहेर हाताला जाणवण्याइतका हलत असेल तर मग खरंच विषय गंभीर. माझ्या पंख्यावर एक ओरखडा नव्हता. तरी मी गप्प बसलो, कारण समोरचा वीस वर्षं गाड्या खोलतोय आणि आपण रविवारचे हौशी.

टर्बोआधी म्हणून बाकीचं करून झालं. डिझेल फिल्टर बदलला, एअर फिल्टर बदलला, ईजीआर, म्हणजे थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात वळवणारा व्हॉल्व्ह, काढून साफ केला (आत काजळीचा असा थर की स्क्रू-ड्रायव्हरने खरवडावा लागला), आत येणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर नवीन टाकला. एमएएफने दोन दिवस फरक वाटला, तो मनाचा फरक होता. नवीन पार्ट टाकला की गाडी दोन दिवस बरी चालते, हा अनुभव सगळ्यांनाच असेल.

एकच गोष्ट स्कॅनरवर फुकटात तपासता आली ती सांगतो. इंजिन बंद, फक्त किल्ली ऑन, आणि लाइव्ह डेटात मॅप सेन्सर, म्हणजे इनटेकमधलं (इंजिनात हवा जायच्या वाटेतलं) प्रेशर मोजणारा, बघायचा. हा सेन्सर ॲब्सोल्यूट प्रेशर दाखवतो, म्हणजे इंजिन बंद असताना त्याने बाहेरच्या हवेचंच प्रेशर दाखवायला पाहिजे, समुद्रसपाटीला १०१ किलोपास्कलच्या आसपास, उंचावर त्याप्रमाणात कमी. तो भलताच आकडा दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय आणि पुढचा सगळा हिशोब चुकणार. माझा बरोबर होता. मग चढावर मित्राला शेजारी बसवून मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट दोन्ही बघायला लावले तर २००० आरपीएमला दोन आकड्यांत मोठी दरी, आणि वर गेलं की दोन्ही जवळ येतात. म्हणजे टर्बो हवा दाबू शकतोय, फक्त खालच्या आरपीएमला त्याला कोणीतरी दाबू देत नाहीये. इथे मला पहिल्यांदा व्हॅक्यूमची शंका आली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पेट्रोल इंजिनला थ्रॉटल (येणारी हवा अडवणारी झडप) असतो त्यामुळे इनटेकमध्ये आपोआप व्हॅक्यूम तयार होतो, डिझेलला तसा मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, बऱ्याचदा अल्टरनेटरच्या मागे नाहीतर कॅमशाफ्टच्या टोकाला. त्या व्हॅक्यूमवर ब्रेकचा बूस्टर चालतो, ईजीआर चालतो आणि जुन्या व्हीजीटीवाल्या बऱ्याच गाड्यांत टर्बोची पातीही त्यावरच हलतात. टर्बोच्या बाजूला डबीसारखा ॲक्च्युएटर असतो, त्यातून एक रॉड निघतो. कमी आरपीएमला ईसीयू सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघड-बंद होणाऱ्या व्हॉल्व्हमार्फत त्या डबीला भरपूर व्हॅक्यूम देतो, रॉड ओढला जातो, पाती अरुंद होतात, थोडासाच एक्झॉस्ट पण जोरात पंख्यावर आदळतो आणि बूस्ट लवकर मिळतो. व्हॅक्यूम कमी पडला की पाती उघडीच राहतात. मग कमी आरपीएमला दम नाही, आणि वरच्या आरपीएमला एक्झॉस्ट इतका असतो की पाती उघडी असली तरी पंखा पळतो. म्हणजे अगदी माझंच लक्षण. उलट पाती काजळीने बंद स्थितीत अडकली तर ओव्हरबूस्ट होतो, कोड पी ०२३४, जोरात चढ मारला की लिंप मोड. दोन्ही वेळा टर्बोलाच शिव्या.

तर किट आलं. पहिल्याच दिवशी माझी फजिती. नळी ॲक्च्युएटरला लावली, पंप मारला, काटा २० इंचावर (इंच पारा, व्हॅक्यूम मोजायचं माप) नेला आणि काटा हळूहळू खाली. झालं, ॲक्च्युएटर फाटला, म्हणजे टर्बोच, मेकॅनिक खरा होता. रात्री झोप नाही. दुसऱ्या दिवशी सहज म्हणून पंपाच्या तोंडाला नुसता अंगठा लावून बघितलं तरी काटा पडतोय! गळत होता तो किटमधला प्लास्टिकचा जोड, त्याच्या शिवणीवर केसाएवढी चीर. जोड बदलला, अंगठा लावला, काटा ठाम. त्यामुळे हे किट किंवा कुठलंही घ्या, गाडीला लावायच्या आधी अंगठ्याची टेस्ट, दर वेळी. यासाठी एक स्टार कापणार होतो पण बाकीचे जोड अजून धड आहेत.

गेजबद्दल पण सांगतो. त्यावर बार आणि इंच पारा दोन्ही आहेत, मी इंच वापरतो कारण डोक्यात आकडे तसे बसलेत. समुद्रसपाटीला पूर्ण निर्वात म्हणजे २९.९ इंच, म्हणजेच ७६० मिलिमीटर पारा, त्याच्या वर कुठलाच पंप जाऊ शकत नाही. उंचावर राहत असाल तर हजार मीटरला ढोबळ तीन-साडेतीन इंच वजा करा, नाहीतर चांगल्या पंपाला उगाच आजारी ठरवाल. माझ्या गेजचा काटा रिकामा असतानाही शून्याच्या किंचित पुढे थांबतो, साधारण अर्धा इंच. त्रास नाही, लक्षात ठेवायचं.

मग व्यवस्थित परत सुरुवात केली. ॲक्च्युएटरला लावून पंप मारला, वर वाकून रॉडकडे बघत. तीन-चार इंचाला रॉड हलायला लागला, लोण्यासारखा सरकत गेला, कुठे अडकला नाही, अठराच्या आसपास स्टॉपला टेकला. एक मिनिट थांबलो, काटा जागचा हलला नाही. सोडलं, रॉड तितक्याच सहज परत. (हे आकडे माझ्या गाडीचे, तुमच्या गाडीचे मॅन्युअलमध्ये बघा.) ते पाच मिनिटांचं दृश्य बघून जे वाटलं ते सांगता येत नाही, पाती मोकळी, डायफ्रॅम (डबीतला रबरी पडदा) अखंड, म्हणजे टर्बो बदलायची गरजच नव्हती!

पुढचं काम नुसत्या गेजचं, पंप मारायचाच नाही. इंजिन चालू, आयडलला, नळी थेट गाडीच्या व्हॅक्यूम पंपाच्या तोंडाला. काटा तीन-चार सेकंदांत २६ वर. पंप ठणठणीत. मग तीच नळी सोलेनॉइडकडे येणाऱ्या पाइपला लावली. १५! मधल्या मीटरभर पाइपात अकरा इंच कोण खातंय?

या मधल्या भागात काय काय लटकलेलं असतं ते जुन्या फोर बाय फोरवाल्यांनी एकदा टॉर्च घेऊन बघावंच. माझ्याकडे एक फाटा ईजीआरला, एक टर्बोच्या सोलेनॉइडला आणि एक फायरवॉलच्या कडेने खाली पुढच्या ॲक्सलकडे, कारण पुढची चाकं जोडायचं-सोडायचं काम या गाडीत व्हॅक्यूमवर होतं. तिथे दोन सोलेनॉइड आणि खाली दोन नळ्या, टू व्हीलमध्ये एका नळीत व्हॅक्यूम, फोर व्हीलमध्ये दुसरीत. ब्रेकच्या फाट्याला स्वतःचा वन-वे व्हॉल्व्ह असल्यामुळे ब्रेक मस्त लागत होते, आणि ब्रेक मस्त म्हणजे व्हॅक्यूम मस्त असं मी इतके दिवस गृहीत धरून बसलो होतो.

एकेक फाटा चिमटीत धरून बंद करायचा आणि काटा बघायचा, एवढंच तंत्र. ईजीआरचा दाबला, १५ च. ॲक्सलकडे जाणारा दाबला आणि काटा अक्षरशः उडी मारून २६ वर. सोडला, पंधरा. दाबला, सव्वीस. चार-पाच वेळा केलं नुसतं, मजा म्हणून.

गाडीखाली झोपलो तर टू व्हीलवाली नळी ॲक्सलच्या डबीला जिथे चढते तिथेच, वाळलेल्या चिखलाच्या आत, अर्धा घेर फाटलेली. वरून बघितली तर नळी जागेवर, चिखलाने धरून ठेवलेली, बोट लावलं की हातात आली. कडक झालेलं टोक कापलं, उरलेली नळी पुरत होती तरी दोन्ही नळ्या नव्याच टाकल्या. अर्ध्या तासाचं काम, त्यातली वीस मिनिटं चिखल खरवडण्यात.

आणि आता माझा मूर्खपणा कबूल करतो. मित्राला मी महिनाभर आधीच म्हणालो होतो की अरे, चिखलात फोर एचमध्ये (चारही चाकं जोडून, हाय रेंज) टाकली की गाडी जास्त चांगली ओढते, टर्बो लवकर उठतो. तो हसला, म्हणाला चार चाकं लागली की ओढणारच ना! मी पण हसलो. पण चार चाकं लागली म्हणून टर्बो कशाला लवकर उठेल? फोर एचमध्ये व्हॅक्यूम दुसऱ्या, धड नळीत जात होता, गळती बंद, टर्बोला पूर्ण व्हॅक्यूम. उत्तर गाडी स्वतः सांगत होती. (तुमच्याकडे असंच काही असेल तर टेस्ट म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर पार्ट-टाइम फोर एच लावून पळवू नका, पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये ताण अडकतो आणि ट्रान्सफर केसची (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सची) वाट लागते. माती, खडी, ओला चिखल, तिथेच.)

आता प्रेशरच्या नॉबची गोष्ट. गाडी बरी झाल्याची बातमी फिरल्यावर मित्र त्याची त्याहून जुनी गाडी घेऊन आला. तिच्यात ईसीयू वगैरे काही नाही, मेकॅनिकल डिझेल पंप, साधा वेस्टगेटवाला (जास्तीचा एक्झॉस्ट पंख्याला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेचा) टर्बो. लक्षण उलटं: सगळ्याच आरपीएमला मवाळ, आणि धूर अजिबात नाही. हे "धूर नाही" फार महत्त्वाचं. काळा धूर म्हणजे डिझेल येतंय पण हवा कमी पडतेय, पाइप फाटलाय, फिल्टर चोक आहे, ईजीआर उघडा राहिलाय असलं काहीतरी. ताकद नाही आणि धूरही नाही म्हणजे डिझेलच कमी मिळतंय. निळा धूर असता तर तेल जळतंय म्हटलं असतं, पांढरा असता तर न जळलेलं डिझेल, तो वेगळा विषय.

डिझेल फिल्टर नवा होता. फिल्टरनंतर पारदर्शक नळीचा तुकडा टाकून बुडबुडे बघितले, नव्हते. टाकीचं झाकण सैल करून चालवून बघितली, फरक नाही, म्हणजे टाकीचा श्वासही मोकळा. मग डिझेल पंपाच्या डोक्यावरची टोपी. या जातीच्या टर्बोवाल्या पंपांवर वर एक डायफ्रॅम असतो, इनटेकमधून बारीक नळीने बूस्ट तिथे येतो, डायफ्रॅम दाबला जातो आणि पंप जास्तीचं डिझेल सोडतो. बूस्ट तिथे पोचलाच नाही किंवा डायफ्रॅम फाटला तर पंपाला वाटतं टर्बो नाहीच, तो बिनटर्बोच्या हिशोबाने डिझेल देत बसतो. किटचा नॉब प्रेशरवर केला, नळी टोपीला, हळूहळू अर्धा बार. काटा चढतो आणि लगेच घसरतो, आणि कान जवळ नेला तर टोपीच्या बाजूच्या बारीक भोकातून स्स्स्. डायफ्रॅम फाटलेला. मित्राला तर तीन ठिकाणी टर्बो बदला म्हणून सांगितलं होतं. टर्बोचं पेटंट आल्फ्रेड ब्यूशी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली घेतलं, म्हणजे शंभराहून जास्त वर्षं झाली, एका दांड्यावर दोन पंखे एवढंच ते यंत्र, आणि अजून आजूबाजूच्या सगळ्यांची पापं त्याच्या माथी.

वेस्टगेटची डबीही याच नॉबने तपासता येते, व्हॅक्यूमऐवजी प्रेशर द्यायचं, रॉड कुठल्या आकड्याला हलतो ते बघायचं. जपून, हळू, डायफ्रॅम रबराचा आहे, टायर नाही.

किटने काय होत नाही तेही लिहितो नाहीतर लोक भलत्या अपेक्षेने घेतील. इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा) आणि मोठ्या बूस्ट पाइपची गळती याने सापडणार नाही, हातपंपाने एवढी जागा भरायला संध्याकाळ जाईल. त्याला टर्बोच्या तोंडाला बूच, कॉम्प्रेसर, रेग्युलेटर आणि साबणाचं पाणी हवं, आणि प्रेशर गाडीच्या नॉर्मल बूस्टच्या वर न्यायचं नाही. त्याआधी नुसत्या डोळ्यांनी बघा, पाइपच्या जोडाला खालून तेलकट ओल आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली की बहुतेक तिथूनच हवा जातेय. काही पाइप तर असे वस्ताद असतात की थंड असताना आणि आयडलला चीर मिटलेली, बूस्ट आला की तोंड उघडतात. सायलेन्सर किंवा कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एक्झॉस्ट साफ करणारा) चोक असेल तर तेही या किटच्या आवाक्याबाहेर.

तक्रारी. एक, ज्याची सगळ्यात जास्त गरज लागते ती नळी दाबायची क्लॅम्प किटमध्ये नाही. मी पक्कडीला कापड गुंडाळून काम भागवलं, पण जुनी नळी पक्कडीत दाबली की तिथेच तडकते, एक तशी गेली. दोन, चौथ्या महिन्यात पंपाचं सील कोरडं पडून पंप आतून गळायला लागला, उघडून सिलिकॉन ग्रीस लावलं की ठीक झाला. साधं चाकाचं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. ब्रेकच्या बरणीचं झाकण दोनदा आटे सोडून बसलं, ती बरणी मी आता वापरतच नाही. सोबतचं माहितीपत्रक म्हणजे विनोद आहे, चित्रात पंप उलटा धरलाय. आणि नळ्या आखूड, गेज बोनेटच्या बाहेर आणून काचेवर ठेवता येईल इतकी लांब नळी स्वतःची घ्या, गाडी चालवताना आतून काटा बघायची सोय होते, शेजारी कोणीतरी बसवून अर्थात. चढावर १८०० आरपीएमला ॲक्च्युएटरकडचा काटा वर उभा राहिलेला मी तसाच बघितला, पाय दाबल्या दाबल्या.

पी ०२९९ त्यानंतर आलेला नाही. काढलेला एमएएफ परत लावून बघितला, तोही उत्तम चालतोय, नवा आता डब्यात पडलाय.

चार स्टार. पाचवा त्या क्लॅम्पचा होता.